विधेयक आलं की आम्हालाही विचारा: सांगली-साताऱ्याच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, सातारा, माढा आणि हातकणंगले मतदारसंघांतून लोकसभेवर गेलेले मा. सदस्य, तसेच या भागातून राज्यसभेत बसणारे मा. सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. सव्वादोन एकर बाग, थोडा ऊस, दारात दोन म्हशी. गेली काही वर्षं रात्री मी संसदेतल्या चर्चा वाचतो. अभ्यासाची हौस म्हणून हे सुरू झालं नाही. आमच्याकडं शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. बाराला येणार म्हणून शेडात जाऊन बसावं तर कधी साडेबाराला येते, कधी दोनला, आणि आली की पाच मिनिटांत परत जाते. डोळा लागला तर पाळी हुकते. लॉकडाऊनच्या साली थोरल्या पोरानं मोबाईलवर संसदेचं संकेतस्थळ काढून दिलं. कोणत्या तारखेला कोणता सदस्य काय बोलला ते सगळं तिथं छापलेलं असतं. तेव्हापासून मोटर चालू होईपर्यंतचा वेळ त्यात जातो. बायको म्हणते, दुसरी माणसं मोबाईलवर निदान गाणी तरी ऐकतात.

लग्नाचा अल्बम हातात आला की माणूस आधी आपलंच तोंड शोधतो. मीही आधी आपल्याकडची नावं शोधली. सापडली. कुठं रेल्वेला थांबा, कुठं महामार्गावर उड्डाणपूल, कुठं पोस्टाची इमारत. बहुतेक शून्य प्रहरातलं. नियमांच्या पुस्तकात ज्याचं नाव नाही अशा त्या वेळात ज्याचा नंबर लागेल त्यानं उठायचं, दोन-तीन मिनिटांत मागणी वाचायची आणि बसायचं. ही कामं नकोत असं कोण म्हणेल? थांबा मिळाला तर त्या गाडीत पहिला मीच बसेन.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. देशासाठी कायदा होत असतो, चार-पाच तास चर्चा चालते, उत्तर प्रदेशचा माणूस बोलतो, तमिळनाडूचा बोलतो, बंगालचा बोलतो. आणि ज्या विषयात सांगली-साताऱ्याच्या माणसाची हाडं झिजली, त्यात आमच्याकडचं बोलणं हुडकावं लागतं. तुम्ही कधी बोललाच नाहीत असं मी म्हणत नाही. नावंही घेत नाही, कारण काल त्या खुर्चीवर एक होता, आज दुसरा आहे, आणि माझी तक्रार खुर्चीशी आहे.

मला पहिल्यांदा सललं ते शेतीमालाच्या व्यापाराच्या विधेयकात. सप्टेंबर २०२० ची गोष्ट. १७ तारखेला ते लोकसभेत मंजूर झालं, २० तारखेला राज्यसभेत, आवाजी मतदानानं. करोनामुळं त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. त्या चर्चा मी नंतर बसून वाचल्या. एका बाजूनं शेतकरी स्वतंत्र झाला, दुसऱ्या बाजूनं शेतकरी विकला गेला. पंजाब, हरियाणा, गहू, तांदूळ, मंडी, हमीभाव. ते सगळं खरं असेल. पण त्या विधेयकात एक तरतूद होती. बाजार समितीच्या आवाराबाहेर शेतकऱ्याचा माल घ्यायला व्यापाऱ्याजवळ पॅन कार्ड असलं की पुरे. पैसे त्याच दिवशी, नाहीतर फार तर तीन कामाच्या दिवसांत. वाद झाला तर प्रांताकडं जायचं, दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद.

हे तासगावच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर वाचून दाखवा आणि लोकांची तोंडं बघा. महाराष्ट्रात फळं आणि भाजीपाला २०१६ पासूनच बाजार समितीच्या नियमनाबाहेर आहे. द्राक्षं तर त्याच्याही आधीपासून बांधावर विकली जातात. म्हणजे देशाला २०२० मध्ये जे घर बांधून द्यायचं चाललं होतं, त्यात आम्ही कधीचे राहत होतो. गळतं कुठं आणि वारा कुठून येतो हे आम्हाला माहीत होतं. बाहेरचा व्यापारी येतो, सोबत इथला दलाल असतो, गावात खोली घेतो, दोन हंगाम चोख पैसे देतो. तिसऱ्या हंगामात मोठा माल उचलतो आणि जातो.

माझा एक हंगाम असाच गेला. डाऊनी रोगातून बाग कशीबशी वाचवलेली, मणी चांगला फुगलेला. भाव ठरला, विसार हातात आला, दोन दिवसांत गाड्या भरून गेल्या. उरलेल्या पैशाचा चेक परत आला. फोन आधी लागायचा, मग लागेना. खोलीवर गेलो तर माझ्यासारखे अकराजण तिथं आधीच उभे. पोलिसात अर्ज दिला, त्याची पोच अजून कपाटात आहे. पॅन कार्डाची झेरॉक्स आम्ही सगळ्यांनी घेऊन ठेवली होती. ती खरीही निघाली.

हे सभागृहात सांगायला किती वेळ लागला असता? शून्य प्रहरात मिळतो तेवढाच. विधेयकाच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही म्हणता आलं असतं की पॅन कार्डासोबत अनामत घ्या, बँक हमी घ्या, खरेदीदाराची नोंद तालुक्याला ठेवा. शिवाय मी दुसरी बाजूही सांगितली असती. मला चांगला भाव मिळाला तोही बांधावरच, आणि अडत, तोलाई, हमालीत काय जातं ते मी वडिलांच्या हाताला धरून यार्डात जायचो तेव्हापासून बघतोय. असा दोन्हीकडून पोळलेला माणूस त्या चर्चेच्या उपयोगी पडला असता. पुढं वर्षभर दिल्लीच्या वेशीवर आंदोलन झालं, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तो आणि त्याच्या सोबतचे दोन कायदे एका दिवसात दोन्ही सभागृहांत रद्द झाले. तेव्हाही चर्चा झाली नाही. करताना विचारलं नाही आणि मोडतानाही नाही.

प्रचारात तुम्ही सगळेच सांगता की लोकसभेची निवडणूक देशाच्या प्रश्नावर असते, गटार आणि रस्ते यात आणू नका. आम्ही ऐकतो. निवडून गेल्यावर देशाच्या प्रश्नावर पक्षाचे ठरलेले वक्ते बोलतात आणि तुमच्या वाट्याला उड्डाणपूल येतो. ही वाटणी मला पटत नाही. देशाचा प्रश्न म्हणून जो दिल्लीत मांडला जातो, तो कुठल्यातरी गावात आधी होऊन गेलेला असतो. ते गाव कधी कधी आमचं असतं.

पाण्याचं बघा. यात मला फक्त तारखा सांगायच्या आहेत. ३१ जुलै २०१९ ला लोकसभेनं आंतरराज्य नदी पाणीतंट्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं. २ ऑगस्टला धरण सुरक्षा विधेयक मंजूर केलं. ६ ऑगस्टला जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेवर मतदान झालं आणि लोकसभेचं अधिवेशन संपलं. त्याच दिवसांत कोयना, वारणा आणि कृष्णेच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. माझी बहीण भिलवडीला दिलेली आहे. दोन रात्री तिनं माळ्यावर काढल्या. घर धुतलं, पुढं रंगही दिला, पण भिंतीवरची पाण्याची रेघ तिनं रंगवू दिली नाही. पाहुणे विचारतात, ती सांगते.

नद्यांचे तंटे आणि धरणांची सुरक्षा, दोन्ही विधेयकं एका आठवड्यात, आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही पाण्यात. ती चर्चा वाचताना मला राहून राहून वाटायचं की कृष्णाकाठच्या माणसाला यात केवढं बोलता आलं असतं! कृष्णेचा पहिला लवाद १९६९ मध्ये नेमला, बच्छावत लवादाचा निवाडा १९७३ मध्ये आला, अंतिम व्हायला १९७६ उजाडलं. दुसरा लवाद २००४ मध्ये नेमला, २०१० मध्ये निवाडा, २०१३ मध्ये पुढचा अहवाल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि राजपत्रातली प्रसिद्धी थांबली. नव्या विधेयकात लवादाला दोन वर्षं आणि फार तर आणखी एक वर्ष, अशी मुदत घातली होती. हे आपल्या सोयीचं की गैरसोयीचं? मला वाटतं सोयीचं, पण घाईत दिलेला निवाडा कोणाच्या अंगावर पडेल याची धास्तीही आहे. हे बोलायला कृष्णेइतकं दुसरं उदाहरण देशात शोधावं लागलं असतं. ते विधेयक पुढं राज्यसभेत अडकून पडलं.

धरण सुरक्षा विधेयकाला राज्यसभेची मंजुरी २ डिसेंबर २०२१ ला मिळाली. मधल्या काळात, जुलै २०२१ मध्ये, आमच्याकडं आणखी एक पूर येऊन गेला होता. हा कायदा मी दोनदा वाचला. त्याचा भर भिंतीवर आहे. तपासणी, देखभाल, दुरुस्ती, आणीबाणीचा आराखडा. धरण फुटू नये म्हणून केलेला कायदा आहे आणि तो हवाच. पण आमचं धरण फुटलं नव्हतं. आमचा प्रश्न असा की धरण धडधाकट असताना, पावसाचा अंदाज हातात असताना, १०५ टीएमसीच्या कोयनेत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किती जागा मोकळी ठेवायची, त्या वेळी खाली कर्नाटकात किती पाणी सोडायचं, आणि दोन राज्यांच्या इंजिनिअरांचं जमलं नाही तर शब्द कोणाचा चालायचा. अलमट्टी या कर्नाटकातल्या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकाचा आग्रह आहे. त्याच्या मागं तुंबणाऱ्या पाण्याच्या फुगवट्यानं सांगली किती बुडते यावर आमच्यातच दोन तट आहेत, एका घरात दोन भावांची दोन मतं आहेत. म्हणून तर हे सभागृहात आकड्यांसह बोलायला पाहिजे. पूर ओसरल्यावर ‘आमच्या जिल्ह्याला मदत द्या’ म्हटलं की विषय मदत आणि पुनर्वसनाचा होतो आणि पंचनाम्यात संपतो. ‘धरण चालवायचं कसं, याचं कलम या कायद्यात कुठं आहे?’ असं विचारलं तर बिहारचा आणि केरळचा खासदारही मान वर करून बघेल, कारण त्यांच्याकडंही हेच दुखणं आहे.

आता साताऱ्याकडं येतो. माझा मेहुणा तिकडचा, त्याच्याकडं गेलो की अपशिंगे मिलिटरीवरून जाणं होतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान गेले. अजूनही घराघरातून माणूस फौजेत आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. अशा जिल्ह्याला संरक्षणावरच्या चर्चेत बोलायचा अधिकार कोणी देण्याची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरवर लोकसभेत दोन दिवस चर्चा झाली. मी ती रात्री जागून वाचली. बराचसा वेळ नेहरूंनी काय केलं आणि कोणी काय करायला हवं होतं यात गेला. मेहुण्याच्या गावात पहाटे डोंगराच्या चढावर धावणारी पोरं आहेत. त्यांना १९४८ चं काही पडलेलं नाही. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, नंतर फार तर चौथा हिस्सा पुढं राहणार. उरलेला पोरगा पंचविशीच्या आत घरी. त्याच्या लग्नाचं कसं ठरतं, बँक त्याला कर्ज देताना काय विचारते, गावात ‘माजी सैनिक’ म्हणायचं की नाही, हे सगळं साताऱ्यात घरोघरी बोललं जातं. ही योजना कायदा करून आणलेली नाही, त्यामुळं विधेयक आलं नाही आणि विधेयकावरची चर्चाही झाली नाही. राहिले प्रश्न, अल्पकालीन चर्चा आणि अर्थसंकल्पात संरक्षण खात्याच्या मागण्या. त्यातही मोठमोठ्या खात्यांच्या मागण्या वेळ नाही म्हणून चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. त्याला तिथं गिलोटिन म्हणतात. नाव मात्र अगदी बरोबर दिलंय.

यशवंतरावांचं नाव आपण सगळेच घेतो, प्रीतिसंगमावर हार घालताना तर हमखास. मी एका दिवसापुरतंच घेतो. २ सप्टेंबर १९६३. चीनच्या युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल आलेला होता आणि तो उघड करायचा नाही असं सरकारनं ठरवलेलं होतं. देवराष्ट्रेचा हा माणूस संरक्षणमंत्री म्हणून लोकसभेत उभा राहिला आणि निवेदन केलं. प्रशिक्षणात काय कमी होतं, साधनसामग्रीचं काय, सेनापतींच्या कुवतीचं काय. अहवाल दडवला याबद्दल त्यांच्यावर टीका करता येते, मीही करतो. पण हरलेल्या लढाईचा काही हिशेब सभागृहाला द्यावा लागतो, हे त्यांना पटलेलं होतं. पुढं विरोधात बसले तेव्हा जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला, आणि मतदान होण्याआधीच सरकार गेलं. त्यानंतरच्या महिन्यांत जे झालं ते काही फार शोभेचं नव्हतं. तो विषय मोठा आहे, इथं नको.

कोणी म्हणेल, यशवंतरावांची गोष्ट वेगळी, ते मंत्री होते, त्यांना भाषा येत होती. मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं बोलू. येडेमच्छिंद्रचा माणूस, प्रतिसरकार चालवलेला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून लोकसभेवर गेला आणि तिथं मराठीत बोलला. राज्यघटनेच्या १२० व्या कलमात सोय आहेच: ज्याला हिंदी-इंग्रजीत नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं. आता तर आधी कळवलं की मराठीचं भाषांतर इतरांच्या कानात ऐकू येतं. इंग्रजी येत नाही म्हणून बोललो नाही, हे कारण आपल्या भागापुरतं १९५७ लाच निकालात निघालंय. हिंदीत चुका होतील याची भीती असेल तर मराठीत बोला. आम्हाला तर ते जास्त कळेल.

अडचणी मला माहीत नाहीत असं समजू नका. वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. छोट्या पक्षाला किंवा अपक्षाला चार मिनिटं मिळतात आणि तिसऱ्या मिनिटाला घंटी वाजते. मोठ्या पक्षात वेळ असतो, पण यादी वरून ठरते. लोकसभेत तारांकित प्रश्न दिवसाला वीस, तेही सोडतीनं, आणि तोंडी उत्तरापर्यंत पोचतात जेमतेम चार-पाच. पक्षादेशाचा बडगा डोक्यावर असतो. पण दहावं परिशिष्टही मी वाचलंय. त्यात आदेश मोडून मत दिल्याची किंवा मतदान टाळल्याची शिक्षा आहे. विधेयकाला पाठिंबा देता देता ‘यातली अमुक ओळ आमच्याकडं चालणार नाही, तेवढी बदला’ असं म्हणण्याची शिक्षा मला त्यात सापडली नाही. कलमवार चर्चेत दुरुस्ती सुचवायचा हक्क साध्या सदस्यालाही आहे. सरकार ती घेईल न घेईल.

खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेल्या, विधेयकाचंही तसंच. स्वातंत्र्यापासून आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. शुक्रवारी दुपारनंतर, बरेच सदस्य विमानतळाच्या वाटेला लागलेले असताना ती चर्चेला येतात. तरीही हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये दोन विधेयकं मांडली, एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं आणि एक रास्त हमीभावाच्या हक्काचं. ती मंजूर झाली नाहीत. त्यांचं राजकारण मला सगळंच पटतं असंही नाही. पण उद्या कोणी हमीभावाचा कायदा करायला बसला, तर त्याला एक लिहिलेला मसुदा तयार सापडेल. बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल खासगी विधेयक आणलं होतं. ते मंजूर झालं नाही, आणि १९७१ मध्ये सरकारनं स्वतःच त्याच वाटेनं चोविसावी घटनादुरुस्ती केली. तोवर नाथ पै हयात नव्हते.

बोलण्यानंच सगळं मिळतं, असा माझा भाबडा समज नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, मुख्यालय निजामाबादला. सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, इथल्या सौद्यात देशभरची हळद येते, तरी मंडळ तिकडं गेलं. भाषणानं गेलं का? नाही. २०१९ च्या लोकसभेला निजामाबादेत १७८ शेतकऱ्यांनी अर्ज भरून उमेदवारांच्या यादीचं पार गाठोडं केलं होतं, तो दणका पोचला. हे मी मान्य करतो. पण दुसरीकडं बेदाण्याचं बघा. जीएसटी आला २०१७ च्या जुलैत. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर तो लागत नाही, एवढं स्पष्ट व्हायला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक, म्हणजे डिसेंबर २०२४ उजाडला. हा निर्णय संसदेत होत नाही, हे खरं. पण अर्थमंत्री संसदेत बसतात आणि त्यांना प्रश्न विचारता येतो. तासगावच्या बेदाणा सौद्यात उभा राहिलेला कोणीही तो प्रश्न एका ओळीत लिहून देऊ शकला असता.

वर्षाच्या शेवटी वर्तमानपत्रात तक्ता येतो: उपस्थिती इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेतला सहभाग इतका. तो तुमची माणसं आमच्या ग्रुपवर टाकतात, खाली फुलांची चित्रं येतात. त्या ‘चर्चेतल्या सहभागा’त थांब्याची दोन मिनिटं आणि विधेयकावरची पंधरा मिनिटं एकाच मापात मोजलेली असतात. द्राक्षात आम्ही पेटी मोजतो, पण घेणारा पेटी उघडून मणी बघतो. तक्त्याच्या ऐवजी एखादं भाषण पूर्ण पाठवा. तीस सेकंदांची रील नको. तिच्यात मागं वाजणारं संगीतच जास्त ऐकू येतं.

आमचाही दोष सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सल्ला देणं सोपं. खासदार लग्नाला आला नाही हे आम्ही पाच वर्षं लक्षात ठेवतो, विधेयकावर काय बोलला हे पाच मिनिटंही नाही. दशक्रियेला आला तर माणूस चांगला. शेतीपंपांच्या लाईटचा डीपी जळाला, महिनाभर मिळेना, तेव्हा मीही तुमच्यापैकी एकाच्या पीएला चार वेळा फोन केले. डीपीचा आणि लोकसभेचा काही संबंध नाही हे मला त्या वेळीही माहीत होतं. पाणी तुटलं होतं आणि बाग फुलोऱ्यात होती, माणूस कोणालाही फोन करतो.

तर मागणं असं आहे. अधिवेशन लागायच्या आधी येणाऱ्या विधेयकांची यादी जाहीर होते. त्यातली शेती, पाणी, सहकार, फौज, कारखाना यांना शिवणारी दोन-तीन निवडा आणि ज्यांचा त्यात जीव अडकलाय त्यांच्यात येऊन एक दुपार बसा. तासगावात बेदाण्याच्या सौद्याला या, भिलवडीत घाटावर बसा, अपशिंग्यात माजी सैनिकांसोबत बसा. हार नको, स्टेज नको, पक्षाची माणसं थोडी कमी आणा. विधेयकाची प्रत मराठीत असली तर फार बरं. आमच्यातला एखादा चुकीचं सांगेल, एखादा आपलं भांडण घेऊन येईल, एक-दोघं तुमच्याकडं डीपीच मागतील. पण दहातला एक असा काही सांगून जाईल की ते दिल्लीतल्या कुठल्या टिपणात मिळणार नाही. तेवढं उचला आणि सभागृहात सांगा. मग त्याच्या बाजूनं मत द्या की विरोधात, तो तुमचा आणि तुमच्या पक्षाचा प्रश्न. अधिवेशन संपलं की परत एकदा या आणि काय बोललात, मंत्री काय म्हणाले, ते सांगा. बोलायला मिळालं नसेल तर तेही सांगा. लोक समजून घेतात.

तारीख ठरवताना एवढं बघा की फळछाटणीनंतरचे दोन महिने आम्हाला फवारणीतून मान वर करता येत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चात माल निघत असतो. पावसाळी अधिवेशनाच्या आधीचा जून आम्हाला सगळ्यात सोयीचा. त्या वेळी बाग शांत असते आणि पाऊस पडलेला असला तर माणूसही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार

ता. क. डीपी बसला. पीएसाहेबांना आमचे धन्यवाद सांगा.